राजा दीनदयाळ आणि मापाची नजर



सारे आयुष्य कामगार संघटनेत घालवलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत उभे राहून एका छायाचित्रकारावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. चालकांनी मला विषय विचारला तेव्हा माथाडी कायदा किंवा फार तर किमान वेतन अशी त्यांची अपेक्षा होती. मी दीनदयाळांचे नाव सांगितले. त्यांनी विचारले, "उपाध्याय का?" मी म्हटले, नव्हे, ते वेगळे. हे लाला दीनदयाळ, पुढे राजा दीनदयाळ झालेले. एकोणिसाव्या शतकात काचेवर हिंदुस्थानचे देखावे उतरवणारा हा माणूस. मूळचा सरकारी बांधकाम खात्यातला एस्टिमेट करणारा नोकर, आणि छायाचित्रणात स्वतःच्या हिमतीवर शिकलेला. मीही सातवीनंतर शाळा पाहिलेली नाही. जे थोडेबहुत वाचले ते वाचनालयात आणि रात्रपाळीत. तेव्हा अशा माणसाबद्दल मला आपलेपणा वाटला तर आपण समजून घ्याल.

पण खरे कारण माझ्या कामातलेच आहे. ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आपल्या डोंगरातल्या एका खाणीवर क्रशरच्या पट्ट्यात एका कामगाराचा हात गेला. मालकाचे म्हणणे असे पडले की, हा माणूस माझ्याकडे कामाला कधी नव्हताच. मस्टरवर त्याचे नाव नव्हते, हजेरीचा कागद नव्हता. आमच्याकडे पुरावा होता तो एका फोटोचा. खंडेनवमीला क्रशरला झेंडूचे तोरण बांधून पूजा केली, त्या दिवशी कोणीतरी काढलेला. त्यात हा गडी यंत्राला टेकून उभा, आणि मागे खाणीचा उभा कडा. आम्हाला वाटले, काम फत्ते झाले. समोरच्या वकिलाने फोटो उलटा केला, पाठीवर काही लिहिलेले नाही हे सगळ्यांना दाखवले आणि विचारले, "हे कोणत्या सालचे?" आम्ही गप्प.

त्या संध्याकाळी आमच्यातल्या एका जुन्या सुरुंगवाल्याने तो फोटो हातात घेतला. माणसाकडे त्याने पाहिलेच नाही. मागच्या कड्याकडे पाहिले. म्हणाला, "ही नाकासारखी कपार दिसते ना, ती आपण दोन पावसाळ्यांपूर्वी उडवली. म्हणजे फोटो त्याच्या आधीचा." त्याचे म्हणणे बरोबर होते. पण ते त्याच्या डोक्यात होते, कागदावर नव्हते. शेवटी तडजोड झाली आणि हाताची जी किंमत मिळाली ती मिळायला हवी होती त्याहून पुष्कळच कमी होती.

त्या दिवसापासून माझ्या मनाने दोन गोष्टी धरल्या. एक, देखाव्यात माहिती असते, पण ती वाचायला मापाची नजर लागते. दुसरी, पाठीवर नोंद नसेल तर चांगले चित्रसुद्धा मुके राहते. पुढे वाचनालयात जुन्या छायाचित्रांचे एक पुस्तक चाळताना दीनदयाळांची चित्रे दिसली आणि या दोन्ही गोष्टी मला एकाच माणसात सापडल्या. म्हणून हा विषय.

दीनदयाळांचा जन्म १८४४ चा, मीरतेजवळच्या सरधना गावचा. घराणे जैन, जवाहिऱ्यांचे. रुडकीला गंगेच्या कालव्याच्या कामासाठी माणसे तयार करणारे इंजिनिअरिंगचे विद्यालय होते, थॉमसन कॉलेज म्हणून ओळखले जाई. तेथे ते शिकले, आणि १८६६ साली इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात मुख्य एस्टिमेटर आणि ड्राफ्ट्समन म्हणून लागले. इंदूर म्हणजे होळकरांचे; तेव्हा ते आपल्याला परके नाही.

या नोकरीचे स्वरूप जरा समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट त्यातूनच उगवलेली आहे. एस्टिमेट करणारा माणूस इमारतीकडे भाविकासारखा किंवा प्रवाशासारखा पाहत नाही. भिंत किती लांब, किती उंच, किती जाड. दगड किती ब्रास लागेल. कमानीचा भार कोठे येतो. चुना किती, मजूर किती, दिवस किती, हे तो पाहतो. तुर्भ्यात ब्रास म्हणजे काय हे मी सांगायला नको: शंभर घनफूट. आपल्या बापजाद्यांची मजुरी याच मापाने मोजली गेली. ड्राफ्ट्समन तीच इमारत कागदावर उतरवतो तेव्हा समोरून, बाजूने आणि वरून अशी उतरवतो. कोठे उभे राहिले म्हणजे इमारत पुरती दिसेल आणि उभ्या रेषा उभ्याच राहतील, याचा विचार त्याला रोज करावा लागतो. दीनदयाळांनी हा विचार आठ वर्षे पगार घेऊन केला, आणि मग सुमारे १८७४ मध्ये कॅमेरा हातात घेतला. तोही छंद म्हणून.

स्वयंशिक्षित हा शब्द आपण फार सैलपणाने वापरतो. जणू काय त्या माणसाला आकाशातून विद्या मिळाली! दीनदयाळ एखाद्या नामांकित स्टुडिओत उमेदवारी करून वर आलेले नव्हते, हे खरे. परंतु कोऱ्या पाटीनेही त्यांनी सुरुवात केली नव्हती. रसायने आणि भिंगे त्यांना शिकावी लागली. पाहणे मात्र त्यांच्या धंद्याने त्यांना आधीच शिकवलेले होते. आपल्या वस्तीतला गवंडी लेकाला अंक शिकवत नाही, पण ओळंबा धरायला शिकवतो. त्या मुलाला पुढे भूमिती अवघड जात नाही. तसेच हे.

आपल्या मुंबईत छायाचित्रण त्याच्या वीस वर्षे आधी येऊन पोहोचले होते. १८५४ साली येथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली, आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रण शिकवण्याची सोय झाली. राणीच्या बागेतल्या वस्तुसंग्रहालयाला ज्यांचे नाव दिले आहे ते डॉ. भाऊ दाजी लाड आपल्याला ठाऊक आहेत. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतले नावाजलेले छायाचित्रकार. पण ही मंडळी शहरातली, विद्यासंपन्न आणि सभासोसायट्यांतून वावरणारी. रुडकीहून इंदूरला आलेल्या नोकराला हे वर्तुळ जवळ नव्हते. त्याने आपल्या कचेरीच्या कामातून वेळ काढला.

आता त्या काळी फोटो काढणे म्हणजे काय होते ते सांगतो. आज पोरगासुद्धा खिशातून फोन काढतो आणि चालता चालता दहा फोटो घेतो. त्यामुळे ही मेहनत ध्यानात येत नाही.

त्या वेळची रीत ओल्या काचेची. स्वच्छ घासलेली काच घ्यायची. तिच्यावर कलोडियन नावाचे चिकट द्रावण ओतायचे आणि काच हलकेच कलती करून ते चारी कोपऱ्यांपर्यंत सारखे पसरवायचे. हे द्रावण ईथर आणि मद्यार्क यांच्यात विरघळवलेल्या कापसाचे, वास डोक्यात जाणारा. मग अंधारात ती काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, म्हणजे ती उजेडाला जागी होते. ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, झाकण काढून काही सेकंद उजेड द्यायचा, आणि लगेच परत अंधारात नेऊन धुवायची. काच वाळली की काम बिघडले. या सगळ्याला दहा-पंधरा मिनिटांचा अवकाश. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहूनही कमी. म्हणजे जेथे देखावा, तेथेच अंधारखोली पाहिजे. डोंगरावर जायचे तर तंबू, बाटल्या, काचा, पाणी, तिपाई, सगळे बरोबर न्यायला हवे.

त्यात चित्र मोठे करण्याची सोय व्यवहारात नसल्यासारखी. जेवढे चित्र पाहिजे, तेवढीच मोठी काच आणि तेवढाच मोठा कॅमेरा. दहा इंच बाय बारा इंच काचेची एक पेटी उचलून पाहा, म्हणजे वजन कळेल. चित्र पक्के करण्यासाठी कित्येक जण सायनाइडसारखे जहाल विष वापरीत. चांदीच्या पाण्याने बोटे काळी पडत. छापायचा कागद अंड्याच्या पांढऱ्या बलकाने माखलेला असे आणि छपाई उन्हात ठेवून होई. दिवा लावून नव्हे. पावसाळ्यात ऊन नसले की कारखाना बसला. आमच्या खाणीसारखेच म्हणा ना! पुढे १८८० च्या सुमारास कोरड्या काचा बाजारात आल्या आणि हा जाच पुष्कळ कमी झाला. दीनदयाळ शिकले ते ओल्या काचेच्या अखेरच्या दिवसांत आणि वाढले कोरड्या काचेच्या दिवसांत. हा काळाचा फायदा त्यांना मिळाला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

या ओझ्यावरून एक दुसरा माणूस आठवतो. सॅम्युअल बोर्न हा इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमच्या एका बँकेतला कारकून. तोही हौसेने शिकलेला. १८६३ मध्ये नोकरी सोडून हिंदुस्थानात आला आणि हिमालयात तीन मोठ्या मोहिमा करून त्याने बर्फाचे डोंगर काचेवर उतरवले. अठरा हजार फुटांवरच्या खिंडीत जाऊन त्याने चित्रे घेतली. त्यांची वाखाणणी आजही होते आणि ती योग्य आहे. मात्र त्या मोहिमांचे वर्णन त्याने स्वतः विलायतेच्या छायाचित्रणाच्या नियतकालिकात लिहिले आहे. त्यात डोंगरी हमालांच्या तुकड्या येतात, ओझी टाकून पळून जाणारे हमाल येतात, आणि त्यांच्यावर आपण काठी चालवल्याचेही तो लिहून ठेवतो. थंडीत, अर्धपोटी, दुसऱ्याच्या काचा पाठीवर घेऊन बर्फ तुडवणारा माणूस पळून का जातो, हा प्रश्न मात्र त्याला फारसा पडलेला दिसत नाही. चित्र बोर्नचे, त्या उंचीपर्यंत चित्राची काच नेणारी पाठ कोणाची, ते कोठे लिहिलेले नाही.

मी हे बोर्नला कमी लेखण्यासाठी सांगत नाही. स्वयंशिक्षित माणूस एकटा वर चढत नाही, एवढेच मला म्हणायचे आहे. दीनदयाळांच्या बाबतीतही हे खरे आहे. फक्त तेथे शिडी निराळी होती.

ती शिडी आश्रयाची. इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी त्यांना उत्तेजन दिले. मध्य हिंदुस्थानातले गव्हर्नर जनरलचे एजंट सर हेन्री डेली यांची मर्जी बसली. १८७५-७६ मध्ये इंग्लंडचे युवराज हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले तेव्हा त्यांची चित्रे घेण्याची संधी मिळाली. मग डेलींच्या जागी आलेले सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर १८८२ मध्ये बुंदेलखंडाचा दौरा झाला. ग्वाल्हेरचा किल्ला, ओरछा, दतिया, खजुराहो, सांची असा मुलूख कॅमेऱ्याखाली आला. ग्रिफिन यांनी मजकूर लिहून १८८६ मध्ये मध्य हिंदुस्थानातल्या प्रसिद्ध वास्तूंचा मोठा ग्रंथ काढला, तो दीनदयाळांच्या चित्रांवर उभा आहे.

ती चित्रे आपण कधी पाहिलीत तर माझ्या सांगण्याचा पडताळा घ्या. किल्ला नुसता डौलदार दिसावा म्हणून घेतलेला नाही. डोंगराचा पाया, त्यावर तटाची चढण, बुरुजांची अंतरे, पुढे मोकळे मैदान, असे सगळे उलगडून दाखवलेले असते. पुष्कळदा एखादा माणूस कोपऱ्यात उभा केलेला असतो. त्याच्या उंचीवरून भिंतीची उंची काढता येते. आमच्या धंद्यात खड्ड्याचा फोटो काढताना आपण पहार उभी करतो, त्याच कारणासाठी. मोजमाप करणाऱ्या माणसाची ही सवय कॅमेरा हातात आल्यावरही सुटलेली नाही. आणि म्हणूनच एखादी वास्तू पडली किंवा बदलली तर पूर्वी ती कशी होती हे त्या चित्रावरून आजही सांगता येते.

नोकरीबाबत दीनदयाळ सावध होते. छंद लागला म्हणून त्यांनी पगार सोडला नाही. कॅमेरा हाती आल्यावरही दहा वर्षांहून अधिक काळ ते खात्यात होते. नंतर लांब रजा घेतली, धंदा चालतो असे पाहिले, आणि मगच राजीनामा दिला. आपल्यातल्या तरुणांना मी हे मुद्दाम सांगतो. कलेसाठी सर्वस्वावर पाणी सोडल्याच्या कथा व्याख्यानात फार गोड लागतात. त्या सांगणाऱ्याच्या घरी बहुधा दाणे भरलेले असतात.

१८८५ च्या सुमारास हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना दरबारात घेतले. १८८६ मध्ये सिकंदराबादला स्टुडिओ निघाला. १८९२ मध्ये पडदानशीन बायकांसाठी निराळा जनाना स्टुडिओ निघाला आणि तो केनी-लेव्हिक नावाच्या बाई चालवीत. १८९४ मध्ये निजामांनी राजा बहादूर मुसव्वर जंग हा किताब दिला. मुसव्वर म्हणजे चित्रकार. १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ उघडला. त्याच वर्षी पावसाळा संपता संपता मांडवीला प्लेग फुटला आणि गोदीतली, दाणाबंदरातली माणसे गावाकडे पळू लागली, हेही आपण लक्षात ठेवू. १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीची छायाचित्रकार म्हणून सनद मिळाली. मुलगे ज्ञानचंद आणि धरमचंद धंद्यात आले. पेढीचे नाव राजा दीनदयाळ आणि सन्स असे झाले. पेढीवर पन्नासाच्या वर माणसे कामाला होती असे सांगतात. काचा तयार करणारे, धुणारे, उन्हात कागद मांडणारे, रंग भरणारे, पुठ्ठ्यावर डकवणारे. काही चित्रे दीनदयाळांनी स्वतः घेतली, काही मुलांनी, काही नोकरांनी. शिक्का मात्र एकच. कोणते चित्र कोणाच्या हातचे, हे आज पुष्कळ वेळा सांगता येत नाही.

त्या काळी हिंदुस्थानी माणसाला असा मान मिळणे ही लहान गोष्ट नव्हती. देशातला हा मोठा धंदा बऱ्याच अंशी युरोपियनांच्या पेढ्यांकडे होता. तेथे एका खात्यातल्या नोकराने आपली पेढी त्यांच्या तोडीला नेऊन बसवली. यात अभिमानाचा भाग आहे आणि तो मी आखडत्या हाताने देणार नाही. पण पैसा कोठून आला हेही पाहिले पाहिजे. पैसा दरबारातून, रेसिडेन्सीतून आणि शिकारीच्या तळांवरून आला. ज्याचा पैसा, त्याच्या दिशेला कॅमेरा वळतो. संस्थानिक, साहेब, हत्ती, मेजवान्या आणि मारलेले वाघ यांची चित्रे ढिगाने आहेत. ज्या देखाव्यांसाठी हा माणूस आम्हाला आवडतो, ते देखावे या ढिगातून वेचून घ्यावे लागतात.

निजामाच्या राज्यात तेव्हा आपला मराठवाडाही होता. वेरूळची लेणी, देवगिरीचा म्हणजे दौलताबादचा किल्ला, औरंगाबाद शहर, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, असे सगळे दीनदयाळांच्या काचेवर उतरले. अखंड कातळातून कोरलेले वेरूळचे कैलास लेणे पाहून प्रत्येकाला नवल वाटते. खाणीतल्या माणसाला ते जरा निराळे वाटते. वरून खाली दगड काढत जायचे, चूक झाली तर परत लावता येत नाही, हे त्याच्या हाताला ठाऊक असते. मला वाटते, एस्टिमेट करणाऱ्यालाही ते तसेच वाटले असेल. किती ब्रास दगड बाहेर काढला असेल, हा हिशेब त्याने मनात केल्याशिवाय कॅमेरा लावला असेल असे मला वाटत नाही. हा माझा तर्क आहे. पण एका धंद्याच्या माणसाने दुसऱ्याविषयी केलेला.

आणि याच मुलखात या गोष्टीतला माझ्या दृष्टीने सर्वांत कठीण भाग घडला. १८९९-१९०० मध्ये मोठा दुष्काळ पडला. संवत १९५६ चा म्हणून उत्तरेकडे ज्याला छप्पनिया म्हणतात, तोच. औरंगाबाद जिल्ह्यात निजाम सरकारने दुष्काळी कामे काढली, आणि त्या मदतकार्याची छायाचित्रे दीनदयाळांच्या पेढीने घेतली. दुष्काळी काम म्हणजे काय, हे या सभागृहातल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. रस्ता, बांध, खडी. दगड फोडा, माप द्या, आणि मग धान्य घ्या.

जरा विचार करा. ज्या माणसाने आयुष्याची सुरुवात किती दगडाला किती मजूर लागतात हे कागदावर मांडून केली, त्याच्या पेढीच्या कॅमेऱ्यासमोर उतारवयात तेच मजूर येऊन उभे राहिले. बरगड्या मोजता येतील अशा अंगाचे. चित्रे घेण्यामागे सरकारचा हेतू उघड होता. आम्ही किती दयाळू आहोत हे दाखवायचे होते. राजेरजवाडे, गव्हर्नर आणि व्हॉइसरॉय यांच्या चित्रांखाली नावे असतात. या माणसांच्या चित्रांखाली नावे नाहीत. तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे: ती चित्रे घेतली गेली. हेतू काही असो, काचेने खोटे सांगितले नाही. सरकारला दाखवायची होती आपली दया. आज पाहणाऱ्याला दिसते ती भूक.

माझे वडील पैठण तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी आणि आईने खडी फोडली, सुकडी खाल्ली, आणि पुढे पोट भरायला तुर्भ्याच्या खाणीवर आले. मी तेव्हा आईच्या कडेवर. म्हणजे एका दुष्काळाची खडी सोडून दुसऱ्याच्या शहराची खडी फोडायला आलो! १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि खाडीच्या या बाजूला नवे शहर उभे राहू लागले. त्याचा दगड पारसिकच्या या डोंगरातून गेला. १९०० च्या त्या चित्रांत आमच्या घराण्यातला कोणी बसलेला आहे की नाही, हे मला कळायला मार्ग नाही. बसलेला असेल तरी मी त्याला ओळखणार नाही, कारण त्याचे नाव कोणी विचारले नव्हते. हा दोष मी एकट्या दीनदयाळांच्या माथी मारत नाही. त्या काळाची रीत ती होती. पण रीत होती म्हणून उणीव भरून निघत नाही.

१९०५ मध्ये दीनदयाळ वारले. राजेरजवाड्यांचा काळ पुढे ओसरला तशी पेढीही ओसरली. परंतु काचा राहिल्या, आणि त्या नुसत्या राहिल्या नाहीत, ओळखता येण्याजोग्या राहिल्या. याचे श्रेय त्यांच्या कचेरीतल्या सवयीला आहे. त्यांच्या पेढीत काचांना क्रमांक असत, तो क्रमांक चित्रावरही उमटे, त्यामुळे कोणते चित्र कोठले याचा माग लावता येतो. १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने अशा २,८५७ काचा विकत घेऊन जतन केल्या. २००६ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले. कलावंत म्हणून त्यांची कीर्ती झाली ती नजरेमुळे. पण शंभर वर्षांनंतर अभ्यासकांच्या हाती त्यांचे काम उपयोगी पडते ते क्रमांकामुळे. मस्टर लिहिणाऱ्या कारकुनाला आपण हसतो. हसू नये. आमच्या त्या गड्याच्या फोटोच्या पाठीवर शिसपेन्सिलीने एक तारीख असती, तर त्याच्या पोरांचे शिक्षण झाले असते.

आता शेवटचे, आणि आपल्या घरचे. आपला डोंगर आपल्या डोळ्यांदेखत बदलला. पुष्कळ खाणींची घरघर आता थांबलेली आहे. जेथे सुरुंगाचे भोंगे वाजत तेथे पावसाळ्यात पाण्याची तळी साचतात आणि उन्हाळ्यात उघडा कातळ दिसतो. तुर्भे स्टोअर, नाका, बाजार समितीची गोदामे, कारखान्यांची रांग हे सगळे कसे उभे राहिले, आधी तेथे काय होते, डोंगराची कोणती सोंड केव्हा गेली, हे सांगणारी माणसे एकेक करून जात आहेत. आमचा तो सुरुंगवालाही मागच्या वर्षी गेला. त्याच्याबरोबर कड्याच्या प्रत्येक कपारीची तारीख गेली.

आज दहा इंच बाय बारा इंचाची काच नको, सायनाइड नको, हमाल नको, आणि मुख्य म्हणजे निजामही नको. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. म्हणून चालकांना माझी विनंती आहे, आणि ती संघटनेच्या वतीनेही आहे. या व्याख्यानमालेच्या पुढच्या वर्षापर्यंत आपण तुर्भ्याच्या देखाव्यांची एक वही करू. घराघरांतल्या पेट्यांतले जुने फोटो मागवू, नवे काढू. प्रत्येकाला क्रमांक देऊ. पाठीवर चार गोष्टी लिहू: जागा कोणती, दिवस कोणता, कोणत्या बाजूला तोंड करून काढला, आणि चित्रात जी माणसे आहेत त्यांची पूर्ण नावे. चौथी गोष्ट दीनदयाळांच्या वहीत राहून गेली. ती आपण भरू. डोंगर मोजायचा असेल तेव्हा कोपऱ्यात एक माणूस उभा करा, त्यांच्यासारखाच. पण त्याला आधी नाव विचारा.

वही मी आणली आहे. पहिले पान रिकामे ठेवलेले नाही. खंडेनवमीचा तो फोटो पहिल्या क्रमांकावर डकवला आहे, आणि ज्याचा हात गेला त्याच्याकडून साल, महिना आणि उभे असलेल्या सातही जणांची नावे लिहून घेतली आहेत. व्याख्यान संपल्यावर वही या टेबलावर राहील. शेजारी पेन आहे.